पौर्णिमेचा फोटो

जर्मनीतल्या येनाला आल्यावर पहिलं वर्षभर लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. "मग तू दिवसभर करतेस काय?" नागपूरहून माहेरचे फोनवर विचारायचे, इथल्या मराठी मंडळींच्या बायका चहा पिता पिता विचारायच्या. एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. तोंडात आरसा होता म्हणून तो वाचला.

नवरा इथल्या एका संस्थेत भिंगांवर संशोधन करायला आला होता आणि त्याच्यामागे मी. नागपूरला मी फार्मसी कॉलेजात शिकवायचे. वर्गात शिरले की शेवटच्या बाकावरची पोरं आपोआप गप्प व्हायची. इथं मला बेकरीत पाव मागताना घाम फुटायचा. काम करायची परवानगी होती, पण जर्मन येत नसताना काम देणार कोण? भाषेचा क्लास संध्याकाळी. दिवसभर मी आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, प्लाटेनबाऊमधल्या, म्हणजे सिमेंटचे तयार तुकडे जोडून उभ्या केलेल्या त्या जुन्या इमारतींमधल्या. भांडायला सुद्धा कुणी नव्हतं, म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबून नवऱ्याशी भांडायचे.

घरात दोन कॅमेरे होते. एक माझा, रोलचा, लग्नात भावानं दिलेला, ट्रायपॉडसकट. दुसरा नवऱ्याचा, छोटा डिजिटल, प्रयोगशाळेतल्या मांडणीचे फोटो काढायला घेतलेला. एके दिवशी नवरा बातमी घेऊन आला. म्हणे इंटरनेटवर अशा साइट आहेत, जिथं कुणीही आपले फोटो चढवू शकतं. जाहिरातवाले, मासिकवाले तिथून ते उतरवून घेतात आणि दर वेळी आपल्याला काही सेंट मिळतात. "तुला नाद आहेच फोटोचा. बघ ना करून," तो म्हणाला. मी म्हटलं, मग एक चांगला कॅमेरा घेऊ या. "आधी आहेत त्या दोघांना काही कमवून दाखवू दे." चिक्कू कुठला! पण बोलला ते खोटं नव्हतं.

मी लागले कामाला. रोलवरचे फोटो दुकानातून सीडीवर उतरवून आणले, ते सगळे परत. कारण काय, तर धूळ दिसते, फिल्मचे दाणे दिसतात. इथल्या नदीवरचा सूर्यास्त पाठवला, तर उत्तर आलं की असे आमच्याकडे भरपूर आहेत. बाकावर बसलेल्या आजोबांचा पाठवला, तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र कुठे आहे? दोरीवर वाळणाऱ्या जीन्सचा पाठवला, तर बटणावर कंपनीचं नाव वाचता येतं. त्या न दिसणाऱ्या परीक्षकाला मी मराठीत जे जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात घरात दुसरा परीक्षक. फोटो पडद्यावर पार मोठा करून कोपऱ्यात बोट ठेवायचा, "हे बघ, इथं कडेला जांभळी रेघ आलीय. भिंगाचा दोष." मी म्हणायचे, "आला मोठा भिंगवाला! फोटो बघ की, कडा काय बघतोस?"

पण हळूहळू गणित कळलं. फोटो सुंदर असून भागत नाही, तो कुणाच्या तरी कामाचा असावा लागतो. मग मी माझ्या रोलच्या कॅमेऱ्याला कपाटात विश्रांती दिली आणि त्याच्या ट्रायपॉडवर नवऱ्याचा छोटा डिजिटल बसवला. उजेड मऊ व्हावा म्हणून खिडकीच्या काचेला केक भाजायचा कागद चिकटवला. खाली पांढरा पुठ्ठा. आणि त्या पुठ्ठ्यावर मांडलं काय? जे मला सगळ्यात चांगलं कळतं ते. गोळ्या, कॅप्सूल, ड्रॉपर, थर्मामीटर, काचेचा खलबत्ता. ते घेतले गेले! पहिला फोटो विकला गेला तेव्हा आलेल्या पैशात पावाची चतकोरही आली नसती, पण मी स्वयंपाकघरात एकटीनंच टाळ्या पिटल्या. ते पैसे माझे होते. आता कुणी विचारावंच, दिवसभर काय करतेस म्हणून.

आता त्या फोटोकडे येते.

निघताना माझ्या सासऱ्यांनी आम्हाला एक पितळी बुद्धमूर्ती दिली होती. वीतभर उंचीची, भूमिस्पर्श मुद्रेतली. डावा हात मांडीवर, उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेला. सासरे शाळेत पी.टी.चे मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज मैदानावरचाच. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. दोन्ही मुलं बाहेर, घरात ते एकटे. विमानतळावर टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती माझ्या हातात देताना ते नेहमीच्या मोठ्या आवाजात बोललेच नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, हिला एकटं नको पडू देजो." माणसाला म्हणायचं राहिलं, ते मूर्तीला म्हणाले.

म्हणून आम्ही ती बैठकीच्या खिडकीत ठेवली, जिथं आमचा दिवसभर वावर. त्या मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून वंदना घेतली, मेणबत्ती लावली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, काचेवर थेंब, मागे टेकडी निळसर, आणि मेणबत्तीचा पिवळा उजेड मूर्तीच्या एका गालावर. मी ट्रायपॉड लावला. हा फोटो विकायला काढला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. सासऱ्यांना दाखवायला काढला होता, की बघा बाबा, एकटी पडलेली नाही. ई-मेलनं पाठवला. ते कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बघून आले, तिथूनच प्रिंट काढली आणि फ्रेम करून घरात लावली. फोनवर म्हणाले, "रोज सकाळी उठल्याबरोबर पहिले तोच पाहतो."

महिन्याभरानं नवरा म्हणाला, "हा पण चढव ना साइटवर. कडेला रेघसुद्धा नाही." भिंगवाल्याच्या तोंडून एवढी तारीफ! मी चढवला. आणि तो असा सुटला की माझ्या सगळ्या गोळ्या-कॅप्सूल एकीकडे आणि तो एकटा एकीकडे. कोण घेतंय ते कळायचं नाही, साइट फक्त आकडा दाखवायची. त्या वर्षांत जर्मनीत जिकडेतिकडे बुद्ध होता. बागेच्या दुकानात कुंड्यांशेजारी बुद्ध, फर्निचरच्या दुकानात न्हाणीघराच्या विभागात बुद्ध. मी बघायचे आणि मान फिरवायचे. आपला फोटो एखाद्या पुस्तकात, ध्यानाच्या लेखात गेला असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

पुढच्या वर्षी सासऱ्यांचं यायचं ठरलं. पहिलाच परदेश प्रवास, सप्टेंबरात. तिकीट झालं, बैठकीत टाकायला गादी आणली, आणि ते यायच्या थोडे दिवस आधी मी ट्रामच्या थांब्यावर उभी असताना समोर बघितलं.

थांब्यासमोर एक नवीन वेलनेस-स्टुडिओ उघडला होता. मसाज, फेशियल वगैरे. त्याच्या मोठ्या काचेवर भलामोठा छापील पडदा चिकटवलेला. आणि त्यावर आमची मूर्ती! आमची खिडकी, आमची मेणबत्ती, आमचे पावसाचे थेंब. आणि तिच्या बरोबर खाली पालथी पडलेली, कमरेला टॉवेल गुंडाळलेली एक गोरी बाई, उघड्या पाठीवर काळ्या गरम दगडांची रांग. ट्राम आली, गेली, मी तिथंच.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "पण मस्तच ना! आपला फोटो एवढा मोठा!" "आणि बाबा?" मी म्हटलं. त्याचं हसू मावळलं. ज्या फोटोचं दर्शन घेऊन त्यांचा दिवस सुरू होतो, तो आपल्या सुनेनं मसाजवालीला विकला, हे कळल्यावर त्या माणसाला काय वाटेल? आयुष्यभर धम्माचे वर्ग घेतलेला माणूस. रागावले असते तर मी सोसलं असतं, मलाही तोंड आहे. पण ते गप्प झाले असते तर? मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना वाईट वाटलं तर तो फोटो काढून टाकायचा आणि हा धंदाच बंद. पुन्हा आपले दिवसभर बसू, लोक विचारतील त्याला उत्तर देत.

पण ठरवणं वेगळं. माझा जीव होता त्यात. म्हणून आधी मी लपवालपवी करून बघितली.

सासरे आले. आल्या दिवसापासून मी त्यांना मागच्या जिन्यानं उतरवायचे आणि उलट्या दिशेनं चालवत पुढच्या थांब्यावर न्यायचे. "बाबा, इकडून हवा छान लागते." पी.टी. मास्तरच ते, चालायला एका पायावर तयार. "वा! माझी सून चालते," शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मराठीत म्हणायचे. नवरा माझ्याकडे बघून गालात हसायचा. सासऱ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणत असे, त्यामुळे त्याच्यावर नीट ओरडताही येत नव्हतं. एकटे असलो की मात्र मी सगळं व्याजासकट वसूल करायचे.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. सासरेही काहीतरी लपवत होते. फोटोचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, घरातली फ्रेम ठीक आहे ना?" तर म्हणाले, "हो हो, ठीकच आहे, ठीकच आहे," आणि दोनदा म्हणून झाल्यावर खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाटलं, यांना कुठून तरी कळलंच.

मग ती सकाळ. मी उठले तर त्यांची गादी रिकामी, बूट जागेवर नाहीत. एकटेच फिरायला गेलेले. आणि पुढच्या जिन्यानं! पुढच्याच दाराची कडी काढलेली होती. मी गाऊनवर जॅकेट चढवून धावत सुटले. वाटेत मनात एकच, कसं सांगू, काय सांगू.

ते तिथंच होते. स्टुडिओसमोरच्या फुटपाथवर, थंडीत, मोज्यांवर. बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेले. हात जोडलेले. दाराच्या काचेतून एक सोनेरी केसांची बाई, मालकीणच असावी, हातात कॉफीचा मग घेऊन त्यांच्याकडे बघत होती. तिला काही कळत नव्हतं, आणि मला सगळं कळत होतं. मी धापा टाकत चार पावलं मागे थांबले.

"ये," ते मागे न वळता म्हणाले. "इकडं ये. हा हात कोणता?"

"बाबा, मी सांगणारच होते..."

"मी काय विचारून राहिलो? जमिनीला लागलेला हात कोणता?" हा मैदानावरचा आवाज होता. पलीकडे ट्रामची वाट बघणारे लोक वळून बघायला लागले.

मी बघितलं. एवढे दिवस मी त्या टॉवेलवाल्या बाईकडेच बघत होते. मूर्तीकडे आज पहिल्यांदा नीट बघितलं. "डावा," मी म्हटलं.

"आणि आपला?"

"उजवा."

"चीवर कोणत्या खांद्यावर?"

"इथं... उजव्या. आपलं डाव्या खांद्यावर."

"मग!" ते वळले. चेहरा रागानं लाल, पण तो राग माझ्यावर नव्हता. "डाव्या हातानं कोणी भूमीला साक्षी ठेवते का? सकाळी सकाळी माझं डोकंच फिरलं. आपलाच फोटो, अन उलटा लावून ठेवला या लोकांनी!"

तेवढ्यात मालकीण बाहेर आली. काही मदत करू का, तिनं विचारलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायला लागले, की हे माझे सासरे, हा आमच्या घरातला बुद्ध आहे, आणि त्याचा हात चुकलाय. ती आधी माझ्याकडे, मग सासऱ्यांच्या मोज्यांकडे बघायला लागली. "आख!" ती म्हणाली, म्हणजे आपलं 'अगबाई'. छापणाऱ्यानं चेहरा दुकानाच्या नावाच्या अक्षरांकडे वळावा म्हणून चित्र फिरवून घेतलं होतं. तिला ठाऊकच नव्हतं की त्यानं काही बिघडतं. तिचा चेहरा एवढासा झाला. आता पुन्हा छापायचं म्हणजे खर्च, हेही तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ती सासऱ्यांना हातानंच म्हणाली, आत या, थंडी आहे.

ते बूट हातात घेऊन आत गेले. मी मागे. आत गेल्यावर ते काचेकडे वळले आणि थांबले. सकाळचं ऊन रस्त्याच्या बाजूनं त्या पडद्यावर पडत होतं, आणि पडदा पातळ, आरपार उजेड येणारा. आतून चित्र पुन्हा फिरलेलं दिसत होतं. अक्षरं उलटी, आणि उजवा हात जमिनीला. आमची खिडकी, होती तशी. सासऱ्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग मोठ्यानं हसले. "आतून बरोबर आहे! सांग तिला, सांग. बाहेरच्यांचं चुकते, आत आला का बरोबर होते. राहू दे म्हणा, खर्च नको करू."

मी सांगितलं. "विर्कलिश?" म्हणजे खरंच ना, अशी तिनं खात्री करून घेतली, आणि एवढा मोठा श्वास सोडला की मलाही हसू आलं. पण माझा श्वास अजून अडकलेलाच होता. तिनं आमच्यासाठी आल्याचा चहा आणला. मी कप हातात धरून एका दमात बोलून टाकलं. "बाबा, हा फोटो मी विकलाय. या बाईला नाही, साइटवर. कुणीही घेऊ शकतं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर आजच काढून टाकते."

ते चहाकडे बघत राहिले. हाच तो गप्पपणा, ज्याची मला भीती होती. मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणाले, "पैसे तुले मिळते?"

"हो. माझेच."

"तू काढला, तुले मिळाले. त्यात वाईट काय वाटायचं? मूर्ती थोडीच विकली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बेटा, मलेच तुला काही सांगायचं होतं. आल्यापासून सांगीन सांगीन म्हणतो, पण हिंमत होत नाही. तू रागावशील."

पी.टी. मास्तर, आणि हिंमत होत नाही! मी कप खाली ठेवला.

"तो सायबरवाला पोरगा म्हणे, काका, भारी फोटो आहे, मंडळाच्या फ्लेक्ससाठी द्या. म्या देला. यंदाच्या पौर्णिमेला अख्ख्या वस्तीत तोच फोटो. चौकात, विहारात, ऑटोच्या मागं. तीन-चार लग्नाच्या पत्रिकांवर बी. तुझं नाव कोठी टाकलं नाही, तुला विचारलं नाही. सूनबाई मेहनतीनं फोटो काढते, अन म्या फुकट वाटून टाकला. आता तू विकतेस म्हणल्यावर तर तुझं नुकसानच केलं म्या."

इतके दिवस मी त्यांना मागच्या जिन्यानं उतरवत होते, आणि हे माझ्यापासून पाणी प्यायला उठत होते! मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. नाक पुसायला मसाजवालीनं तिचा पांढरा टॉवेल दिला.

"आता काऊन रडून राहिली?" सासरे घाबरून म्हणाले.

"ऑटोच्या मागे?" मी कसंबसं म्हटलं. "खरंच?"

"मंग! पण हात बरोबर होता. म्या सोता उभं राहून छापून घेतला."

त्या दिवशी आम्ही पुढच्या जिन्यानं घरी आलो. छाती अशी हलकी झाली होती की चार मजले कधी चढले ते कळलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर भिंगवाला म्हणाला, "पण उलटं चित्र तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" सासऱ्यांसमोरच मी त्याला 'तू गप' म्हणून गेले. सासरे एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

पुढं मी आणखी फोटो विकले. जर्मन आल्यावर औषधांच्या दुकानात नोकरीही लागली, पण फोटो सोडले नाहीत. नवीन कॅमेरा आला, तो माझ्या पैशांचा. दिवसभर काय करतेस, हा प्रश्न कुणी विचारेनासं झालं आणि खरं सांगते, मला त्याची चुटपुटच लागली, कारण आता माझ्याकडे उत्तर तयार होतं.

त्या खेपेला परत जाताना विमानतळावर सासऱ्यांच्या हातात काही नव्हतं. मूर्ती आमच्या खिडकीतच होती. आत जायच्या दारापर्यंत गेले आणि मागे वळून, सगळ्या जर्मनांना दचकवत, मैदानावरच्या आवाजात ओरडले, "बेटा, नवीन फोटो पाठवजो! पण आधी सांगून ठेव, विकायचा आहे का वाटायचा!"